युपालिनोसचा बोगदा

ग्रीसच्या सामोस बेटावर डोंगराच्या पोटातून खोदलेला, १,०३६ मीटर लांबीचा जलबोगदा. काळ इ. स. पू. सहावे शतक, काम बहुधा पॉलिक्रेटिस या सत्ताधीशाच्या कारकिर्दीत झाले. ग्रीकांच्या तीन थोर बांधकामांत प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने याची गणना केली आणि मेगारा नगरातल्या युपालिनोसचे नावही नोंदवले. एवढ्या जुन्या काळातल्या कामाचा कर्ता नावानिशी माहीत असणे दुर्मीळच.

नगराला पाणी हवे होते आणि झरा डोंगरापलीकडे होता. उघडा पाट वेढ्याच्या वेळी शत्रूने सहज फोडला असता. म्हणून झऱ्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंतचा पाटही जमिनीखालूनच नेला.

चुनखडीच्या त्या खडकात छिन्नी-हातोड्याने खोदकाम चाले. बोगद्याची उंची-रुंदी जेमतेम १.८ मीटर, त्यामुळे एका वेळी एकदोन माणसेच पुढे उभी राहू शकत. वेळ वाचवण्यासाठी युपालिनोसने दोन्ही टोकांकडून काम सुरू केले. होकायंत्र नव्हते, भूमितीकार युक्लिडला अजून दोनशेहून अधिक वर्षे अवकाश होता. डोंगरावरून खांबांची ओळ लावून दिशा धरली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

युपालिनोसची खरी थोरवी मात्र बोगदा सरळ नेण्यात नाही, चूक होणार हे आधीच गृहीत धरण्यात आहे. उत्तरेकडून जाताना ठिसूळ खडक लागला, तेव्हा त्याने सरळ रेषा सोडून पश्चिमेला वळसा घेतला आणि हिशेब ठेवून पुन्हा मार्गावर आला. दोन्ही तुकड्या जवळ आल्या तेव्हा त्या एकमेकींना समांतर निघून जाण्याचा धोका होता. त्यावर उपाय म्हणून त्याने बोगदे मुद्दाम वळवले, म्हणजे एक दुसऱ्याला कुठेतरी छेदणारच. उंचीतही फरक पडू शकतो, म्हणून उत्तरेकडचे छत वर चढवले, दक्षिणेकडचा तळ खाली उतरवला. प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा दोन तळांतले अंतर साधारण ६० सेंटीमीटर भरले.

बोगदा जवळजवळ सपाट आहे. पाण्याला लागणारा उतार त्याच्या तळाच्या कडेने खोदलेल्या वेगळ्या चरात दिला आहे. हा चर उत्तर टोकाला सुमारे ४ मीटर खोल असून दक्षिणेला त्याच्या दुपटीहून खोल जातो. त्यात भाजलेल्या मातीचे हजारो खापरी नळ एकात एक बसवले होते.

पाणी सुमारे हजार वर्षे वाहिले. सातव्या शतकात बोगदा लोकांनी आसऱ्यासाठी वापरला, पुढे तो विस्मृतीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुन्हा सापडला, १९७१ ते १९७३ दरम्यान जर्मन पुरातत्त्वज्ञांनी तो पूर्ण मोकळा केला. १९९२ मध्ये युनेस्कोने इथल्या प्राचीन नगराला आणि हेरा देवीच्या मंदिरस्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बोगदा त्यातच येतो. झऱ्याच्या पाण्यातला चुना साचून नळ बुजत, तेव्हा लोकांनी ते वरून फोडून आतून साफ केले. सापडलेल्या नळांवर त्या फोडीच्या खुणा आहेत.