हृदय चालू असताना माणूस गेला कसा?

इंदूरच्या वर्तमानपत्रांत २०१५ पासून ‘ग्रीन कॉरिडॉर’ची बातमी वारंवार येते. पोलीस चौक मोकळे करतात, रुग्णवाहिका विमानतळाकडे धावते आणि ‘ब्रेन डेड’ म्हणजे मेंदूमृत ठरलेल्या माणसाचे अवयव देणाऱ्या कुटुंबाचे छायाचित्र छापले जाते. त्यानंतर आपल्या मराठी वस्त्यांत, मग ते रामबाग असो वा राजेंद्रनगर, एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “अहो, हृदय चालू होतं म्हणता, मग माणूस गेला कसा?” हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या आईलाही तोच पडलेला असतो; तिला तो विचारण्याचे त्राण नसते, एवढाच फरक. त्याचे उत्तर न देता तिच्यापुढे संमतिपत्र ठेवणे मला निर्दयपणाचे वाटते.

हृदयाला धडधडण्यासाठी मेंदूची परवानगी लागत नाही. त्याच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, जो १९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी शोधला. या पेशी स्वतःच ठरावीक लयीत विद्युत्स्पंदने निर्माण करतात. मेंदूकडून येणाऱ्या चेता (नसा) ती लय फक्त कमी-अधिक करतात. रक्तात प्राणवायू आहे तोवर हृदय चालते, आणि तो प्राणवायू व्हेंटिलेटर पुरवत असतो. श्वासाचे मात्र तसे नाही. श्वासपटलाला, म्हणजे छातीखालच्या श्वासाच्या स्नायूला, स्वतःची लय नाही. प्रत्येक श्वासाचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून, नेमके सांगायचे तर लंबमज्जेतून यावा लागतो.

हा मस्तिष्कस्तंभ कायमचा मेला की माणूस गेला, हाच ‘ब्रेन डेड’चा अर्थ. तो मरतो कसा? कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. तिच्यात मेंदू, रक्त आणि प्रमस्तिष्क मेरुद्रव (मेंदूभोवतीचा पातळ द्रव) यांना मोजकीच जागा असते. अपघाताने किंवा रक्तस्रावाने मेंदू सुजला की प्रथम द्रव आणि शिरांतील रक्त बाहेर ढकलले जाते, पण ही सवलत लवकर संपते आणि आतला दाब वेगाने चढतो. निरोगी माणसात तो पाऱ्याच्या सुमारे ७ ते १५ मिलिमीटर असतो. तो धमन्यांतील सरासरी रक्तदाबाइतका झाला की हृदयाने कितीही जोर लावला तरी रक्त मेंदूत शिरू शकत नाही, आणि रक्ताविना चेतापेशी काही मिनिटांत नष्ट होऊ लागतात. कोमात मेंदूचा रक्तपुरवठा असा थांबलेला नसतो. म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, ‘वर्षानुवर्षे कोमात असलेला रुग्ण उठून बसला’ अशा गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांचा या मृत्यूशी संबंध नाही.

आता मस्तिष्कस्तंभ खरेच मेला आहे का, हे ठरवणाऱ्या चाचण्यांतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी चाचणी. आपण श्वास रोखून धरतो तेव्हा मिनिटभरातच जीव कासावीस होतो, पण तो मुख्यतः प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. हा वायू रक्तातून सहज मेरुद्रवात शिरतो, तिथे पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल बनतो आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. लंबमज्जेच्या पृष्ठभागाजवळच्या संवेदक पेशींना ही वाढलेली आम्लता जाणवते आणि श्वासाचा आदेश निघतो. शरीरात यापेक्षा आग्रही प्रेरणा क्वचितच असेल. निश्चय कितीही पक्का असला तरी ती मोडता येत नाही. डॉक्टर नेमका याच प्रेरणेचा उपयोग करतात. रुग्णाला आधी भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर वेगळा करतात, श्वासनलिकेत बारीक नळीने प्राणवायू चालूच ठेवतात, जेणेकरून चाचणीने इजा होऊ नये, आणि साधारण आठ-दहा मिनिटे छातीकडे व पोटाकडे पाहत राहतात. या काळात रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० च्या आसपासवरून ६० मिलिमीटरच्या वर जातो. इतक्या प्रबळ हाकेलाही एकसुद्धा श्वास उमटला नाही, तर आदेश देणारे केंद्र उरलेले नाही.

ही चाचणी एकटी पुरेशी मानली जात नाही. डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकणे, बुबुळाला स्पर्श करणे, घशात खोकल्याची उबळ येते का ते पाहणे अशा इतर तपासण्यांसह ती करायची असते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने हे सर्व दोनदा करायचे असते, आणि या मंडळात प्रत्यारोपण करणारे डॉक्टर नसतात.

तरीही नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत कधी बोटे हलतात, क्वचित हातही उचलला जातो. ही हालचाल पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते. तिला मेंदू लागत नाही. पण आधी सांगितलेले नसेल, तर ‘आपण जिवंत माणसाचे अवयव दिले’ हा सल त्या घराला पुढे जन्मभर छळू शकतो. मृत्यूची बातमी आणि अवयवदानाची विनंती वेगवेगळ्या वेळी करावी, हा अनुभवी समुपदेशकांचा आग्रह याचसाठी असतो. शोकाकुल माणसाला ऐकलेले उमगायला वेळ लागतो. त्याला दोनदा, तीनदा, त्याच शब्दांत सांगावे लागले तरी सांगावे.

अवयव दान केला तर पुढच्या जन्मी तो मिळत नाही, ही भीती अजूनही ऐकू येते. अग्नीला सर्वच अवयव दिले जातात, याचा मात्र त्या वेळी विसर पडतो. दुसऱ्या टोकाला ‘त्याचे हृदय आजही आईला ओळखते’ असे मथळे असतात. बसवताना त्या हृदयाच्या चेता कापलेल्या असतात आणि ते आपल्या पुंजक्याच्या लयीवर, नेहमीपेक्षा थोडे जलद, चालते. ओळख त्याच्यात नसते. असे मथळे नकार देणाऱ्या कुटुंबांवर नाहक ओझे टाकतात. नकार हाही त्यांचा हक्क आहे, आणि तेराव्यापर्यंत तरी शेजाऱ्यांनी त्याची कारणे विचारू नयेत.

होकार देणाऱ्यांना काही रोकड्या गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. संमतीनंतर शरीर व्हेंटिलेटरवर राखण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च २०१४ च्या नियमांनुसार त्यांच्याकडून घेता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर शरीर नीट शिवून दिले जाते व सर्व विधी करता येतात. अपघात असेल तर शवविच्छेदनही होते, त्यामुळे पार्थिव हाती यायला आणखी काही तास लागतात. गावाहून निघालेल्या नातेवाइकांना कोणत्या वेळी पोहोचा म्हणायचे, हे घरच्यांना आधीच कळले पाहिजे.