आजार वाढला की लघवीचा संसर्ग झाला?

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला युरिन इन्फेक्शन झालं तर ते पटकन लक्षात येत नाही. जळजळ होते हे तो सांगेलच असं नाही आणि या वयात ताप चढेलच असंही नाही. दिसतं ते भलतंच. कालपर्यंत बऱ्यापैकी सावरलेले आजोबा आज एकाएकी चिडतात, बरळतात, रात्रभर फेऱ्या मारतात. घरच्यांना वाटतं, आजार पुढे गेला. प्रत्यक्षात बरेचदा ते अँटिबायोटिकने आटोक्यात येणारं दुखणं असतं. ब्रिटनमध्ये डिमेन्शियाचे रुग्ण इस्पितळात दाखल होण्याच्या प्रमुख कारणांत हा संसर्ग मोडतो.

तिथल्या सरे परगण्यात यावर एक साधा उपाय करून पाहिला गेला. रुग्णांच्या घरात बारीकसारीक सेन्सर बसवले: खोल्यांत हालचाल टिपणारे, दारांवर, फ्रिजवर, किटलीच्या प्लगवर, आणि गादीखाली झोप व श्वास मोजणारी पट्टी. संगणक त्या माणसाची तुलना त्याच्याच नेहमीच्या दिनक्रमाशी करतो. बाथरूमच्या रात्रीच्या खेपा वाढल्या, झोप मोडू लागली, अंगही जरा गरम लागतंय, असं जुळून आलं की देखरेख करणाऱ्या चमूकडे इशारा जातो. मग चमूतला माणूस घरी फोन करतो, विचारपूस करतो, लघवी तपासायला सांगतो. निदान यंत्र करत नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

खरी अडचण सेन्सरची नाही. नोंदींचे ढीग जमतात, पण ‘या दिवशी संसर्ग होता’ असं प्रयोगशाळेने पक्कं सांगितलेले दिवस मोजकेच असतात. म्हणून संशोधकांनी अर्धनिर्देशित शिक्षण नावाची पद्धत वापरली. मास्तरांनी काही उत्तरपत्रिका तपासून द्याव्यात आणि त्यावरून, शिवाय न तपासलेल्या गठ्ठ्यात कोणाचं कोणाशी जुळतं ते पाहून, उरलेल्यांचे गुण ठरवावेत, तसं.

हीच युक्ती भारतातही उपयोगी पडली, तीही सरे विद्यापीठातल्या संशोधकाच्या सहभागाने. आपल्याकडे वृद्धांची ‘लासी’ नावाची देशव्यापी पाहणी झाली आहे. तिच्यातल्या काही हजार जणांची सविस्तर चाचणी घेतली गेली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं निदान तज्ज्ञांनी ऑनलाइन एकमताने ठरवलं. त्या निदानांवर संगणकाला शिकवून ३१,७७० ज्येष्ठांच्या माहितीवर चालवलं, तेव्हा २०२३मध्ये अंदाज निघाला की साठीपुढच्या ८.४४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा, म्हणजे सुमारे १ कोटी ८० हजार माणसं. त्याच पाहणीवरून वेगळ्या पद्धतीने काढलेला आकडा आहे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख. फरक मोठा आहे, पण दोन्ही हिशेबांत बायकांचं आणि खेड्यांतलं प्रमाण जास्त निघालं.

इथे एक शंका येणारच: शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला लेखी परीक्षा दिली तर ती नापासच होणार, मग तिला आजारी ठरवायचं? लासीतल्या सविस्तर तपासणीत वापरलेली स्मृती आणि आकलनाची चाचणी १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्येच यासाठी मुळातून बदलली गेली होती. ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद दाखवण्याऐवजी, ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’ म्हणून तपासणारा स्वतःच डोळे मिटतो. वाक्य लिहायला लावण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायला लावतात. हे बदल झाले नसते तर संगणकाने निरक्षरतेलाच मोठ्या हुशारीने डिमेन्शिया म्हटलं असतं.

सरेतले सेन्सर मात्र जसेच्या तसे उचलून आपल्याकडे चालणार नाहीत. तिथे घरात रुग्ण आणि फार तर जोडीदार. आपल्या दोन खोल्यांच्या घरात सून, नातू, मुलगा सगळेच रात्री उठतात, आणि दारावरच्या सेन्सरला कोण उठलं ते कळत नाही. गादीखालची पट्टी त्यातल्या त्यात कामाची, अर्थात आजी रोज त्याच गादीवर झोपत असेल तर.