जोन ऑफ आर्कच्या आधीची तीस वर्षं

खेड्यातल्या एका मुलीने युवराजाला रँसला नेऊन त्याचा राज्याभिषेक करवला, ही १४२९ सालची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण राजाच्या मुलाला स्वतःच्याच गादीसाठी इतकं का झगडावं लागलं? कारण जन्मदात्याच्या मोहरेनिशी झालेल्या तहाने त्याचा वारसाहक्क काढून घेतला होता. तो बाप म्हणजे फ्रान्सचा सहावा शार्ल.

१३८० मध्ये गादीवर आला तेव्हा तो जेमतेम अकरा वर्षांचा होता. कारभार काकांच्या हाती गेला आणि खजिन्यावर त्यांनी यथेच्छ हात मारला. १३८८ मध्ये शार्लने त्यांना बाजूला सारलं आणि वडिलांचे जुने, जाणते सल्लागार परत बोलावले. तरुण राजा लोकांना आवडत होता.

ऑगस्ट १३९२. शार्ल ब्रिटनीच्या ड्यूकवर चालून निघाला होता. ल मान्सजवळच्या रानात फाटक्या कपड्यांतला एक माणूस धावत आला, राजाच्या घोड्याचा लगाम धरला आणि ओरडू लागला, ‘मागे फिर, तुझा घात झालाय!’ त्याला हाकललं, तरी तो ओरडतच राहिला. पुढे उघड्या माळावर, रणरणत्या उन्हात, एका पोऱ्याच्या हातून भाला निसटून दुसऱ्याच्या शिरस्त्राणावर खणकन आदळला. राजाने तलवार उपसली आणि आपल्याच माणसांवर तुटून पडला. आवरेपर्यंत काही जण मेले होते. त्याला बांधून बैलगाडीतून परत आणलं.

तिथून पुढची तीस वर्षं हे झटके येत-जात राहिले. राणी इझाबो समोर उभी असली तरी तो तिला ओळखत नसे. आपण काचेचे आहोत, कुणी हात लावला तर फुटू, अशी त्याला भीती वाटे. म्हणून तो कपड्यांत लोखंडी सळ्या घालून घेई. एकदा तर महिनोन्महिने त्याने अंघोळ केली नाही, कपडे बदलू दिले नाहीत. हे वाचताना आजही पोटात तुटतं. त्याला वेडा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याच्या प्रजेने तसं केलं नाही. त्यांच्यासाठी तो अखेरपर्यंत ‘लाडका शार्ल’ राहिला.

राज्य बुडालं ते एकट्या आजारामुळे नाही, असं मला ठामपणे वाटतं. मधल्या काळात राजा शुद्धीवर येई, दरबारात बसे, हुकूम देई. त्यामुळे कायमचा कारभारी नेमता येईना आणि राजाला हटवणं तर कल्पनेपलीकडचं होतं. अशा वेळी राजा ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याच्या हाती. मग भाऊबंदकी पेटली. राजाचा सख्खा भाऊ, ऑर्लेआँचा ड्यूक लुई, याला नोव्हेंबर १४०७ मध्ये पॅरिसच्या रस्त्यात मारेकऱ्यांनी तोडलं. मारेकरी घातले होते चुलतभावाने, बर्गंडीच्या ड्यूक जाँने, आणि त्याने ते उघड कबूलही केलं. देश दोन तटांत फाटला. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने ही फूट अचूक हेरली आणि १४१५ मध्ये आझँकूरला फ्रेंच सरदारांची फळीच कापून काढली.

तरीही सावरता आलं असतं. पण सप्टेंबर १४१९ मध्ये माँतरोच्या पुलावर, समेटाच्या बोलणीसाठी आलेल्या जाँला युवराजाच्या, म्हणजे शार्लच्या त्याच मुलाच्या, माणसांनी ठार केलं. जाँचा मुलगा सुडाने पेटून इंग्रजांना मिळाला. मे १४२० मध्ये त्र्वाचा तह झाला: शार्लची मुलगी कॅथरीन हेन्रीला द्यायची, हेन्रीने कारभार पाहायचा आणि शार्लनंतर फ्रान्सची गादीही त्याचीच. आजारी राजाला यातलं किती उमगलं असेल?

हेन्रीच आधी गेला, ३१ ऑगस्ट १४२२ रोजी. शार्ल २१ ऑक्टोबरला. फ्रेंच राजांना जिथे पुरत त्या सँ-दनीला त्याला पुरलं तेव्हा हजर असलेला राजघराण्यातला एकमेव ड्यूक होता हेन्रीचा भाऊ बेडफर्ड. परतताना फ्रान्सच्या राजाची तलवार त्याने आपल्यापुढे मिरवत नेली आणि पॅरिसचे लोक ते पाहून धुसफुसत राहिले.