चुंबकाचा जोर कणांमधल्या सांध्यात: निओडिमियम मिश्रधातूंची पार्श्वभूमी

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून चुंबक फिरवला की जे चटकन चिकटतं ते मॅग्नेटाइट, लोहाचं खनिज. इल्मेनाइट, म्हणजे लोह-टायटॅनियमचं खनिज, जरा आळशी. दोन्ही सह्याद्रीच्या काळ्या कातळातून झिजून आलेली. निओडिमियमसारखे दुर्मिळ मृदा धातू देणारं मोनाझाइट हे खनिज मात्र केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या वाळूत सापडतं. कोकणाचा निओडिमियम चुंबकांशी संबंध येतो तो स्कूटरची मोटर नाहीतर स्पीकर खाऱ्या हवेत सडायला लागला की.

दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांची सुरुवात कोबाल्टपासून झाली. 1960च्या दशकात कार्ल स्ट्रनाट यांनी यिट्रियम-कोबाल्टचे गुण दाखवले, पाठोपाठ समॅरियम-कोबाल्ट चुंबक आले. 1978मध्ये झाईरच्या (आजचा काँगो) शाबा या कोबाल्टच्या खाणींच्या प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि सगळे लोखंडाकडे वळले. 1983मध्ये जपानात मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी निओडिमियम-लोह-बोरॉन स्वतंत्रपणे जाहीर केलं.

निओडिमियम-लोह-बोरॉनच्या स्फटिकात वजनाने निओडिमियम सुमारे 27 टक्के लागतं. कारखाने मात्र दुर्मिळ मृदा धातू 29 ते 32 टक्के घालतात. चुंबक घडतो तो स्फटिकाची बारीक भुकटी दाबून आणि भट्टीत भाजून एकसंध करून (सिंटरिंग). ही जादा मात्रा भट्टीत वितळून कणांभोवती काही नॅनोमीटर जाडीचा थर धरते आणि एका कणाचं चुंबकत्व शेजाऱ्यापासून तोडते. थर तुटक राहिला तर एका कणाचं चुंबकत्व उलटताच शेजारच्यांचंही उलटतं. स्फटिकाचं अनिसोट्रॉपी क्षेत्र, म्हणजे चुंबकत्व उलटवायला तत्त्वतः लागणारं उलटं क्षेत्र, सुमारे 7.5 टेस्ला (चुंबकी क्षेत्राचं एकक), पण साध्या सिंटर्ड चुंबकाची कोअर्सिव्हिटी, म्हणजे प्रत्यक्षात तो जेवढ्या उलट्या क्षेत्रापुढे टिकतो ती मर्यादा, जेमतेम 1 टेस्लाच्या आसपास. बाकीचं सगळं सूक्ष्मरचनेत, म्हणजे कण आणि त्यांच्यामधल्या सांध्यांच्या घडणीत, गळतं.

पहिला उपाय स्फटिकच बदलण्याचा होता. थोड्या निओडिमियमच्या जागी डिस्प्रोसियम हा दुसरा दुर्मिळ मृदा धातू घातला की तापलेल्या मोटरीतही चुंबक टिकतो. पण डिस्प्रोसियमच्या अणूचं चुंबकत्व लोहाच्या उलट दिशेला असतं, म्हणून एकूण जोर घटतो. कोबाल्टने क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्यावर चुंबकत्व नाहीसं होतं ते तापमान (मुळात सुमारे 312 अंश सेल्सियस), वाढतं, पण हात सैल सोडला तर कोअर्सिव्हिटी पडते.

खरी हुशारी तांब्याची. 0.1-0.2 टक्के पुरतं. ते स्फटिकात फारसं शिरत नाही, सांध्यात जमतं. निओडिमियम-तांब्याचं मिश्रण सुमारे 520 अंशांनाच वितळतं, म्हणून सिंटरिंगनंतर त्याच सुमाराच्या तापमानाला पुन्हा तापवलं की थर सलग पसरतो. हे दुसरं तापवणं चुकलं तर तांबं घालून न घातल्यासारखंच.

2010-11मध्ये चीनच्या निर्यात-निर्बंधांनी डिस्प्रोसियम महागलं आणि कणसीमा-विसरण जोरात आलं: तयार चुंबकावर डिस्प्रोसियम किंवा टर्बियमचा लेप, मग 900 अंशांच्या आसपास काही तास. धातू सांध्यांतून आत झिरपून कणांच्या कवचातच बसतो; गाभा शाबूत, जोर शाबूत. झिरपणं काही मिलिमीटरच होतं, म्हणून जाड चुंबकाला हा उपाय लागू पडत नाही.

किनाऱ्यावर हाच सांधा घात करतो. निओडिमियमने भरलेला थर ओलाव्याशी चटकन बिघडतो. हायड्रॉक्साइड बनतं, सुटलेला हायड्रोजन धातूत शिरून तो फुगवतो, आणि कण सुटे होऊन करडी भुकटी गळते. सांध्यात कोबाल्ट-तांबं असेल तर हे मंदावतं, थांबत नाही. निकेलचा लेप कोपऱ्यावर टवका उडाला की निकामी; आत ओल शिरते आणि बाहेरून चकचकीत दिसणारा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून अशा चुंबकाला भोक पाडू नये, कानस लावू नये, आणि टवका दिसताच तो बदलावा.