क्लिंकर निम्म्यावर आणणारं सिमेंट

सिमेंटच्या भट्टीत उद्या कोळशाऐवजी हायड्रोजन जाळला, तरी तिच्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच राहील. कारण तो इंधनापेक्षा दगडातून जास्त येतो. चंद्रपूर-गडचांदूरकडच्या कारखान्यांत चुनखडी साधारण 1450 अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर करतात, म्हणजे दळून सिमेंट बनवायचे कडक खडे. त्या आचेत चुनखडीतला चुना मागे राहतो आणि वायू धुराड्यातून निघून जातो. सिमेंटनिर्मितीतलं सुमारे 60 टक्के उत्सर्जन हेच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7-8 टक्के आहे, म्हणून पर्यावरणपूरक घराचा विचार गच्चीवरच्या सोलर पॅनेलआधी सिमेंटच्या पोत्यापासून व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

पीपीसी म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळून क्लिंकर वाचवतातच. पण कोळसा कमी होत गेला की राखही आटणार. त्यावरचा उपाय म्हणजे एलसी-3, अर्थात चुनखडी आणि भाजलेली माती मिसळलेलं सिमेंट. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेतल्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातले फर्नांडो मार्टिरेना आणि आपल्या आयआयटींमधले संशोधक यांनी ते विकसित केलं. त्यात क्लिंकर 50 टक्के, भाजलेली माती 30, कच्ची चुनखडी 15 आणि जिप्सम 5 टक्के असतं. उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत घटतं.

गंमत मातीत आहे. कपबश्यांसाठी शुद्ध केओलिन, म्हणजे चिनी माती लागते. इथे केओलिनाइट हे तिच्यातलं मुख्य खनिज 40 टक्केच असलेली हलक्या प्रतीची मातीही चालते. 700 ते 850 अंशांना भाजली की तिच्या स्फटिकांत बांधलेलं पाणी उडतं, रचना विस्कटते आणि माती रासायनिकदृष्ट्या जागी होते. मग सिमेंट घट्ट होताना सुटणाऱ्या चुन्याशी ती संयोग पावते. तिच्यातलं ॲल्युमिना कच्च्या चुनखडीशीही जुळतं आणि काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रं बुजतात. खारं पाणी आत झिरपणं अवघड होतं. सळई गंजून स्लॅबचे पोपडे पडण्याचा त्रास कोकण किनाऱ्यावर घरोघरी आहे, तिथे हा गुण फार मोलाचा.

अडचणीही आहेत. हे सिमेंट पाणी जास्त मागतं. ते नुसतं वाढवलं तर ताकद घटते, म्हणून कमी पाण्यातही मिश्रण प्रवाही ठेवणारं रसायन, प्लास्टिसायझर, घालावं लागतं. मातीत लोह असेल तर रंग तांबूस येतो आणि राखाडी नसलेलं सिमेंट गिऱ्हाइकाला भेसळीचं वाटतं. भाजलेली माती ऑक्सिजन कमी ठेवून थंड केली की रंग राखाडी करता येतो.

भारतीय मानक ब्युरोने 2023 मध्ये आयएस 18189 हे मानक काढून या सिमेंटला मान्यता दिली आहे. आता सरकारी बांधकामांच्या निविदांमध्ये त्याचं नाव यायला हवं, कारण कंत्राटदार निविदेत लिहिलेलंच सिमेंट मागवतो.