वैज्ञानिक नायिका (कादंबरीतील)

विज्ञानसंशोधन हाच जिचा पेशा आहे आणि केवळ बाई म्हणून त्यात जिची अडवणूक होते, अशी व्यक्तिचित्रणप्रधान कादंबरीतील नायिका.

मराठीत तिचा उगम विज्ञानकथेत शोधावा की चरित्रात, याबद्दल एकमत नाही. चरित्राचा पक्ष अधिक सबळ दिसतो. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले आनंदीबाई जोशी यांचे चरित्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे (पहिली आवृत्ती बहुधा १८८९). पण आनंदीबाईंची पदवी वैद्यकाची (१८८६) आणि वर्षभरातच त्या वारल्या. संशोधन त्यांच्या वाट्याला आलेच नाही. त्यामुळे खरा नमुना जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचा मानणे सयुक्तिक. त्यांचे जन्मसाल १९११, काही ठिकाणी १९१२ असे मिळते. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रथम प्रवेश नाकारला. त्यांनी तेथे सत्याग्रह केला असे काही जण लिहितात, तर काहींच्या मते नुसता हट्ट धरला. अटींबाबत मात्र फारसा फरक नाही : पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही तिसरी अट कादंबरीकाराला आयतीच मिळाली आहे. पुढे १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. वनस्पतींतील सायटोक्रोम-सी (पेशींच्या श्वसनातील एक प्रथिन) हा प्रबंधाचा विषय. नीरेवरचे (ताडा-माडाच्या गोड रसावरचे) काम नंतरचे.

सोलापूर परिसरात ही नायिका प्रयोगशाळेपेक्षा रानात अधिक शोभते. मालदांडी ३५-१ हा रब्बी ज्वारीचा वाण मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडला गेला (साधारणतः १९३०चे दशक). केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे जिवाणूजन्य करपा, फळावर आधी पाणी मुरल्यासारखा तेलकट ठिपका देतो, मग तो काळवंडून फळ तडकते. भिंग घेऊन असा ठिपका तपासणाऱ्या बाईलाच बागवाल्याने ‘म्याडम, सायेब कधी येनार हैत?’ म्हणावे आणि पहिला चहा जीपच्या ड्रायव्हरपुढे धरावा, एवढ्यावर अख्खे प्रकरण उभे राहते. नायिकेने तेथे भाषण ठोकले, की कादंबरी पडली.

संवादाची भाषा हा येथील अवघड भाग. शेतात मराठी, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, सोलापूर शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या घरात तेलुगू, आणि संशोधनाचा अहवाल इंग्रजीत.