पार्श्वभूमी : केळी-चॉकलेटचा डंप केक आणि अंड्याचा गुंता

जळगाव-भुसावळकडच्या घरांत गेल्या काही वर्षांत एक गोड पदार्थ चांगलाच रुळला आहे. ट्रेला लोणी लावायचं, तळाशी केळीच्या चकत्या रचायच्या, त्यावर चॉकलेटचे तुकडे, त्यावर चॉकलेट केक मिक्स कोरडंच पसरायचं, वरून वितळवलेलं लोणी सोडायचं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. फेटणं नाही, घोटणं नाही. कोणी त्याला डंप केक म्हणतं, कोणी केळीचं पुडिंग. काही जण ‘उलटा केक’ म्हणतात, पण ते चूक आहे. उलट्या केकमध्ये फळावर तयार घोळ ओततात आणि भाजल्यावर केक ताटात पालथा करतात. हा पालथा केला तर नुसता लगदा सांडेल. हा चमच्याने वाढून खायचा पदार्थ आहे.

कृती इतकी सरळ असूनही दोन ठिकाणी हमखास अडतं. एक म्हणजे भाजून झाल्यावरही वर कोरड्या पावडरीचे फिकट डाग राहतात. दुसरं म्हणजे ‘यात अंडं किती घालायचं, आणि बिनअंड्याचं मिक्स चालेल का?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने निघतो. दोन्हींची मुळं केक मिक्सचं हे पुडकं जिथून आलं तिथे आहेत.

केक मिक्स ही अमेरिकेतली, १९३० च्या दशकातली गोष्ट. पिट्सबर्गच्या एका कंपनीकडे काकवीसारखा उसाचा पाक शिल्लक पडत होता. तो पिठावर सुकवून त्याची भुकटी करायची आणि त्यातून आल्याच्या केकचं तयार मिश्रण विकायचं, अशी युक्ती निघाली आणि १९३३ मध्ये तिला पेटंट मिळालं. त्या पहिल्या मिश्रणात अंडंसुद्धा भुकटीच्या रूपात होतं, फक्त पाणी घालायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या पीठगिरण्या या धंद्यात उतरल्या आणि १९४८ मध्ये चॉकलेट केकचं मिक्स बाजारात आलं. आपल्या ट्रेवर आज पसरलं जातं त्या पुडक्याचा पूर्वज तो.

अंड्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. १९५० च्या दशकात मिक्सचा खप मंदावला, तेव्हा एका मानसशास्त्रज्ञाने गृहिणींशी बोलून निष्कर्ष काढला की नुसतं पाणी घालून केक केला की बाईला अपराधी वाटतं, काहीच केलं नाही असं वाटतं. मग कंपन्यांनी भुकटीतलं अंडं काढलं, ‘ताजी अंडी तुम्ही घाला’ असं सांगितलं आणि खप वाढला. गोष्ट ऐकायला गोड आहे, म्हणूनच ती इतकी पसरली. पण तारखा जुळत नाहीत. त्याच पिट्सबर्गच्या कंपनीने १९३५ च्या पेटंटमध्येच अंड्याची भुकटी काढून ताजं अंडं घरून घालण्याची पद्धत मांडली होती. म्हणजे निर्णय त्या मुलाखतींच्या आधी जवळजवळ २० वर्षं झालेला. शिवाय १९५० च्या दशकातही दोन्ही प्रकारची मिक्स शेजारी शेजारी विकली जात होती.

ताज्या अंड्याची बाजू भक्कम होती ती भट्टीतल्या कारणांमुळे. सुकवलेल्या अंड्याला जुनाट वास येतो, आणि ताजं अंडं जितकी हवा धरतं तितकी भुकटी धरत नाही, त्यामुळे केक जड बसतो. ताज्या अंड्याचा बलक तेल-पाण्याचा मेळ घालतो, पांढरं ६२ अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतं आणि फुगलेल्या केकला खाली बसू देत नाही. अपराधी वाटण्याचा मुद्दा साफ खोटा म्हणता येणार नाही, पण तो नंतर जोडला गेला. आधी केक बिघडत होता.

हे इतकं लांबवर सांगण्याचं कारण असं की भारतात हेच अंडं दुसऱ्यांदा बाहेर गेलं, आणि या वेळी कारण वेगळं होतं. २००१-०२ पासून पाकीटबंद खाण्यावर हिरवा किंवा तपकिरी ठिपका छापणं बंधनकारक झालं. त्या नियमात दूध शाकाहारात आहे आणि अंडं मांसाहारात. अंड्याची चिमूटभर भुकटी असली तरी पुडक्यावर तपकिरी खूण येणार; पूर्वी ती ठिपक्याची होती, आता त्रिकोणाची आहे. तपकिरी खुणेचा माल अनेक किराणा दुकानदार ठेवत नाहीत आणि अनेक घरं उचलत नाहीत. तेव्हा इथल्या बाजारातलं बहुतेक केक मिक्स हिरव्या ठिपक्याचं आहे, आणि त्यातलं बरंचसं अंड्याशिवाय उभं राहील अशाच बेताने बनवलेलं आहे. अंड्याचं काम त्यात दुधाची भुकटी, तेल-पाणी एकजीव ठेवणारे घटक आणि बेकिंग पावडर मिळून करतात.

इथे लोक फसतात. अमेरिकी पुडकं आणि आपलं ‘एगलेस’ पुडकं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिकडच्या पुडक्यात अंडं नसतं, कारण ते तुम्ही घालणार असं धरलेलं असतं. इकडच्यात अंडं नसतं, कारण ते घालायचंच नसतं. तिकडची कृती पाहून आपल्या एगलेस मिक्सचा साधा केक करताना कोणी तीन अंडी फोडून घातली, तर केक रबरासारखा चिवट होतो आणि त्याला अंड्याचा वास मारतो. उलट परदेशातून कोणी आणून दिलेल्या पुडक्यात अंडं गाळलं आणि बदली काही घातलं नाही, तर केक मध्यावर खचतो. तिथे एका अंड्यामागे पाव कप, म्हणजे साधारण ६० ग्रॅम, घट्ट दही घालावं. पुडक्याच्या मागे काय छापलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि या सगळ्या वादाचा डंप केकशी संबंध येतच नाही! ही पद्धत अमेरिकी घरांत १९७०-८० च्या सुमारास रुळली. तिकडे डब्यातल्या पाकातल्या चेरी आणि बारीक केलेला अननस ट्रेमध्ये ओततात, वर मिक्स कोरडंच टाकतात, त्यावर लोणी. या रचनेत अंडं मुळातच नाही, कारण घोळ नाही, फुगवायचं काही नाही, उभं धरायचं काही नाही. फळाचा रस खालून वर चढतो, लोणी वरून खाली उतरतं, आणि दोघं भेटतात तिथे पावडर भाजली जाते. म्हणजे माळकरी घर असो, जैन घर असो, की अंड्याचं भांडं वेगळं ठेवणारं घर असो, हा पदार्थ कुठलीही तडजोड न करता तिथे अस्सल रूपातच होतो. एगलेस म्हणजे दुय्यम, ही जी समजूत आहे ती निदान या ट्रेपुरती तरी सोडून द्यायला हवी.

खानदेशात भाजण्याची परंपरा जुनीच. गोवऱ्यांच्या आरावरची बट्टी, खापरावरचे मांडे हे सगळं कोरड्या आंचेचंच काम. केकची वाट मात्र बेकरीतून आली. दिवाळीत रवा-मैदा, तूप, पिठीसाखर घरून नेऊन भट्टीवर नानकटाई करून आणायची आणि पत्र्याच्या डब्यात भरायची, हे कित्येकांनी पाहिलेलं आहे. मग झाकणाला काच असलेला विजेचा गोल ओव्हन आला, मग कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून केक सुरू झाला, आणि ४०० ग्रॅमच्या आटवलेल्या गोड दुधाच्या डब्याने बिनअंड्याचा केक घरोघर पोचवला. मिक्सची पुडकी तालुक्याच्या दुकानांत दिसू लागली ती बरीच नंतर. २०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद, घरात माणसं कोंडलेली, आणि केळीला उठाव नाही, अशी स्थिती होती. पुडकं आणि केळी एका ट्रेमध्ये आली यात नवल नाही.

केळी हा इथला मुद्दा. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात पूर्वी बसराई, श्रीमंती ही वाणं होती. १९९० च्या दशकात ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आली तसा ग्रँड नैन या वाणाचा जोर वाढला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात मालाच्या प्रकारानुसार नवती, पिलबाग, कांदेबाग असे वेगवेगळे भाव निघतात. या पदार्थाला पहिल्या प्रतीच्या घडाची गरज नाही, वापसीच्या, म्हणजे प्रतवारीत बाजूला काढलेल्या, मालातली फणी उत्तम चालते. फक्त पिकण्याची पायरी अचूक हवी: साल पूर्ण पिवळी, देठ हिरवट नसलेला, आणि बारीक तपकिरी ठिपके नुकते दिसू लागलेले. काळं पडलेलं केळं शिकरणाला चालेल, इथे त्याचा चिखल होतो. कच्चट केळं भाजल्यावर तुरट लागतं.

आणि इथेच ते पावडरीचे डाग येतात. चेरी-अननसाच्या डब्यात मोकळा पाक असतो, पावडर तो शोषून घेते. केळ्यातही वजनाच्या तीन चतुर्थांश पाणीच आहे, पण ते गरात बांधलेलं असतं आणि भाजताना पाकासारखं वर येत नाही. तिकडची कृती जशीच्या तशी केळ्यावर केली तर पावडरीला पाणी मिळतच नाही. ओव्हनचं दार उघडून पाहिलं की कडेला बुडबुडे दिसतात, पण मधोमध रुपयाएवढे फिकट कोरडे ठिपके तसेच, बोट लावलं तर कच्ची पावडर बोटाला येते. त्यामुळे द्रव बाहेरून द्यावा लागतो, आणि तो तळाशी द्यावा लागतो.

८ इंची चौकोनी ट्रेसाठी बसलेलं प्रमाण असं: सोललेली केळी ६०० ग्रॅम (मध्यम ६ ते ७), बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करून १ चमचा लिंबाच्या रसात घोळवलेली. तळाशी १५० मिली कोमट दूध किंवा संत्र्याचा रस. कुकिंग चॉकलेट ८० ग्रॅम, तुकडे करून. एगलेस चॉकलेट मिक्स २५० ग्रॅम, चाळून. लोणी ९० ग्रॅम वितळवून त्यात ३ मोठे चमचे दूध. साखर अजिबात नको, कारण मिक्समध्ये ती भरपूर असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तिथे साखर बहुतेक वेळा पहिली किंवा दुसरी दिसेल.

मिक्स वजन करूनच घ्यावं. ‘एक पुडकं’ हे माप निरुपयोगी आहे. अमेरिकेतलं पुडकंच पूर्वी ५१७ ग्रॅमचं होतं, पुढे ४३२ ग्रॅमचं झालं, आणि जुन्या कृती मात्र तशाच फिरत राहिल्या. आपल्याकडची पुडकी तर आणखी वेगवेगळ्या वजनांची. पावडरीचा थर दीड सेंटिमीटरहून जाड झाला की खालचा द्रव वरपर्यंत पोचत नाही. चॉकलेट नेहमी फळ आणि पावडर यांच्या मध्ये घालावं, वर घातलं तर करपून कडू होतं. लोणी चमच्याने एका कडेपासून ओळीने सोडत जावं, मध्यावर एकदम ओतू नये. आणि मिक्स पसरल्यावर ढवळण्याचा मोह टाळावा. ढवळलं की अर्धवट घोळ होतो, कुठे गोळे, कुठे पाणी.

१८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. २५ मिनिटांनी एकदा पाहावं, कोरडे ठिपके दिसले तर तेवढ्याच जागी चमचाभर गरम दूध सोडावं. कडा खदखदल्या आणि वरचा थर दाबल्यावर पावडर हाताला आली नाही की झालं. मग २० मिनिटं तसाच ठेवावा, गरमागरम वाढला तर पातळ वाटतो. कुकरमध्ये करायचा तर जुना कुकर घ्यावा, शिटी आणि रिंग काढून, मिठावर जाळी ठेवून १० मिनिटं तापवावा आणि मंद आंचेवर ५० मिनिटं ठेवावा. झाकणाची वाफ थेंबाथेंबाने वर पडते, म्हणून लोण्यातलं ३ चमचे दूध वगळावं. वरून ओव्हनसारखा खरपूसपणा येणार नाही, चव तीच येते.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक अडचण असते. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि भुसावळच्या उन्हाळ्यात फडताळातलं तापमानही त्याच्या वर जातं. वितळून पुन्हा थिजलेल्या चॉकलेटवर पांढरट थर येतो. ते खराब झालेलं नसतं, या ट्रेमध्ये खुशाल वापरावं. वनस्पती चरबीचं कंपाउंड चॉकलेट या दिवसांत जास्त तग धरतं, चवीला मात्र थोडं कमी.

केळीऐवजी शहाद्याकडची पपई घेणारेही आहेत. पपईला रस मोकळा सुटतो, त्यामुळे तळाचा द्रव निम्मा करावा. पण पपईबरोबर दूध घालू नये. पपईतलं पपेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि ट्रे तापेपर्यंतच्या वेळात कडवटपणा उतरतो. तिथे संत्र्याचा रसच घ्यावा, आणि लोण्यातलं दूधही वगळावं. सातपुड्यातली स्ट्रॉबेरी मिळाली तर आंबटपणामुळे चॉकलेटशी तिचं केळीपेक्षाही चांगलं जमतं. तिला पाणी भरपूर सुटतं, म्हणून ५०० ग्रॅम फळाला तळाशी काहीच घालू नये.